तीन कोच, तीन ईमेल: आइस हॉकीसाठी छोटं कॉलेज निवडताना

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शोकेसनंतर (कॉलेजांचे कोच मुलांचा खेळ पाहायला येतात ती स्पर्धा) आठवडाभरात आमच्या थोरल्याला तीन कोचचे ईमेल आले. एक अमेरिकेच्या ईशान्येकडल्या न्यू इंग्लंडमधल्या नामांकित छोट्या कॉलेजचा, एक मिडवेस्टमधल्या खाजगी कॉलेजचा आणि एक मोठ्या विद्यापीठाच्या क्लब संघाचा. तिन्हींचं पहिलं वाक्य जवळपास सारखंच होतं: तुझा खेळ पाहिला, आवडला, बोलू या. पहाटे पाचला रिंकवर गाडी नेण्याची दहा वर्षं अशी फळाला आल्यावर घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पुण्याहून सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे आता स्कॉलरशिप ना?" त्यांच्या लेखी हॉकी म्हणजे अजूनही खडकीचा धनराज पिल्ले, बर्फावरचा हा प्रकार त्यांना पटलेला नाही, पण प्रश्न मात्र त्यांनीच नेमका विचारला.

उत्तर आहे, नाही. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिचे तीन स्तर; त्यातल्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, एक डॉलरसुद्धा. डिव्हिजन वनमध्ये मुलांचे साठेक संघ आहेत आणि तिथे पोचणारी मुलं निराळीच. मधली डिव्हिजन टू हॉकीत नावापुरती उरली आहे. तिची राष्ट्रीय स्पर्धा १९९९ नंतर झालेलीच नाही. त्यामुळे चांगल्या पण 'वन'च्या नसलेल्या मुलासमोर खरे पर्याय दोनच: ऐंशीच्या आसपास कॉलेजांची डिव्हिजन थ्री, नाहीतर एसीएचए, म्हणजे १९९१ पासून चालत आलेलं क्लब हॉकीचं वेगळं जग.

पण निवड 'थ्री की क्लब' एवढीच आहे असं समजून बसलात तर फसाल. मीही तशीच बसले होते. डिव्हिजन थ्रीमध्येच दोन अगदी वेगळे बाजार आहेत. तुम्ही कुठल्या बाजारात उभे आहात हे कळायला एकच गोष्ट पाहायची: तुमच्या मुलाला घेताना कोचच्या खिशातून काहीतरी जातं, की कॉलेजच्या खिशात काहीतरी येतं?

पहिल्या बाजारात कोचच्या खिशातून जातं. ॲमहर्स्ट, विल्यम्स, मिडलबरी, बोडन, हॅमिल्टन, ट्रिनिटी वगैरे कॉलेजांची नेस्कॅक ही संघटना घ्या. इथे अर्जांचा पाऊस पडतो, जागा मूठभर. ॲडमिशन ऑफिस कोचला मोजक्याच नावांसाठी शब्द टाकू देतं. ॲमहर्स्टनं २०१६ मध्ये स्वतःच्या क्रीडाधोरणाचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात दर वर्षी खेळाच्या जोरावर प्रवेश मिळणाऱ्यांचा आकडा होता ६७, आणि तो सगळ्या खेळांचा मिळून. फुटबॉल त्यातला मोठा घास घेणार, उरलेल्यात पोहणारे, धावणारे, टेनिसवाले. हॉकीच्या वाट्याला किती येत असतील याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून हा कोच गोड बोलला तरी सावकाश बोलतो. तो मार्कलिस्ट मागतो, अकरावीनंतरच्या १ जुलैपासून ती 'प्री-रीड'साठी, म्हणजे अर्जाआधीच ॲडमिशन ऑफिसनं नजर टाकावी म्हणून, आत पाठवतो, आणि आतून मान हलली तरच पुढचं बोलतो. मग अपेक्षा असते अर्ली डिसिजनची: नोव्हेंबरच्या पूर्वार्धात एकाच कॉलेजला अर्ज, आणि प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, भाव तोलत बसायचं नाही.

दुसऱ्या बाजारात उलटं. इथे कॉलेजला विद्यार्थी हवे असतात आणि कोच हा अर्धा ॲडमिशन अधिकारी असतो. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण मिशिगनमधलं एड्रियन कॉलेज. २००५ मध्ये जेफ्री डॉकिंग तिथे अध्यक्ष झाले तेव्हा पटावर हजारसुद्धा विद्यार्थी नव्हते. त्यांनी कर्ज काढून मैदानं आणि बर्फाचा रिंक बांधला, नवनवे संघ काढले आणि प्रत्येक कोचला सांगितलं, वर्षाला एवढी मुलं आणायची. काही वर्षांत पट दुप्पट झाला. आज तिथे एनसीएएचे संघ आहेतच, शिवाय एसीएचएचेही अनेक. याला मी नाकं मुरडत नाही. एड्रियनच्या मुलांनी २०२२ मध्ये डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, अख्ख्या मोसमात एकच सामना हरून. पण गणित समजून घ्या. समजा फी आणि राहणं मिळून ५०,००० डॉलर, त्यातून कॉलेजनं २६,००० माफ केले, तरी तुमच्याकडून २४,००० आले. असे तीस खेळाडू आले तर सात लाख वीस हजार. त्यात कोचचा पगार निघतो, बर्फ निघतो, आणि वर उरतं. त्यामुळे इथे एकतिसाव्या मुलालाही 'तू आम्हाला हवा आहेस' असं मनापासून सांगता येतं, आणि ते खोटंही नसतं.

आता पैसे. नेस्कॅकच्या बहुतेक कॉलेजांचा वर्षाचा छापील खर्च ९०,००० डॉलरच्या आसपास गेला आहे. मदत मिळते ती घरच्या गरजेवर, आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याला भरघोस मिळते. पण आपल्यासारख्या, दोघंही आयटीत, घरावर कर्ज, धाकटीचे स्केटिंगचे क्लास अशा घराला त्यांच्या हिशेबात 'गरज' फारशी नसते. आमच्या हाती तर भोपळाच आला. दुसऱ्या बाजारातल्या खाजगी कॉलेजांत उलट मेरिट स्कॉलरशिप सढळ असते. देशभरात अशा कॉलेजांची नव्या विद्यार्थ्यांना मिळणारी सूट सरासरी निम्म्याहून जास्त आहे. म्हणून कोच जेव्हा म्हणतो, "मी तुम्हाला सव्वीस हजार मिळवून देतो," तेव्हा हसून ऐकून घ्या. ते त्यानं मिळवलेले नसतात. नियमानं त्यात खेळाचा विचार करताच येत नाही. तुमच्या मुलाइतके मार्क असलेल्या, स्केटसुद्धा न घातलेल्या मुलीलाही साधारण तेवढेच मिळतात. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर सूट वजा जाता खर्चाचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो कोचशी बोलायच्या आधीच भरा.

यातली एक चांगली बाजू कुणी सांगत नाही. मदत खेळाशी बांधलेली नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी मुलानं हॉकी सोडली, गुडघा गेला किंवा कोचशी बिनसलं, तरी ती जात नाही. मार्कांची अट पाळली की झालं. डिव्हिजन वनच्या शिष्यवृत्तीवर डोळा ठेवणाऱ्यांना ही शांतता मिळत नाही.

मात्र खाजगी कॉलेज घेताना एक धोका तपासायलाच हवा: कॉलेज चार वर्षं टिकेल का? वूस्टरचं बेकर कॉलेज २०२१ मध्ये बंद झालं, मिशिगनच्या हॅनकॉकमधली फिनलँडिया युनिव्हर्सिटी २०२३ मध्ये. दोन्हीकडे डिव्हिजन थ्रीची हॉकी होती. पट दर वर्षी घसरतोय का आणि विभाग बंद करताहेत का, हे अगदी ठेवीसाठी पतपेढी निवडताना पाहतो तसं पाहायचं.

आता लॉकरची गोष्ट. मिडवेस्टच्या त्या कॉलेजला आम्ही सप्टेंबरात गेलो. रिंक देखणा, कोच दिलखुलास. तो मुलाला वजनांची खोली दाखवत होता तेव्हा मी ड्रेसिंग रूमच्या दारात उभी राहून लॉकर मोजले. छत्तीस. प्रत्येकावर नावाची पाटी, पाटीखाली खेळायची जागा. 'डी', म्हणजे डिफेन्समन, तेरा भरले. सामन्याला गोलीसकट साधारण बावीस जणच उतरतात आणि त्यात डिफेन्समन सहा, फार तर सात. परत येताना मी विचारलं, "शुक्रवारी बाकीचे सहा काय करतात?" कोच म्हणाला, "आमच्याकडे स्पर्धा फार निरोगी आहे." मुलगा गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य बोलला ते हेच, कोचच्या आवाजात. तरीही, त्या कॉलेजला मी वाईट म्हणणार नाही. ज्याला दोन वर्षं गॅलरीत बसून तिसऱ्या वर्षी जागा मिळवायची जिद्द आहे, आणि शिकायचा विषय तिथे चांगला आहे, त्यानं जरूर जावं. फक्त तेरावा 'डी' आहोत हे ठाऊक असून जावं.

सरकारी कॉलेजांचा पर्याय झटकन सांगते, कारण तो राज्यावर अवलंबून आहे. न्यूयॉर्कमध्ये राहत असाल तर प्लॅट्सबर्ग, ऑस्विगो, जेनेसिओ ही सुनीची (न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठाची) कॉलेजं. विस्कॉन्सिनमध्ये असाल तर रिव्हर फॉल्स, स्टीव्हन्स पॉइंट, ओ क्लेअर. हॉकी पहिल्या दर्जाची, गावं हॉकीवेडी आणि राज्यातल्यांना फी खाजगीच्या मानानं किरकोळ. तिथे राहत असाल तर बाकीचा लेख वाचायच्या आधी तिथे ईमेल करा. आम्ही मिशिगनकर, आमच्याकडच्या सरकारी विद्यापीठांत थेट डिव्हिजन वन, नाहीतर क्लब.

क्लब म्हटलं की आपले लोक नाक मुरडतात, कारण 'क्लब' म्हणजे रविवारची मजा असं वाटतं. खालच्या स्तरांवर तसं असतंही. पण एसीएचएचा वरचा स्तर पाहिलात तर मत बदलेल. पेन स्टेट २०१२ मध्ये आणि ॲरिझोना स्टेट २०१५ मध्ये डिव्हिजन वनला गेले, ते इथूनच. इलिनॉय विद्यापीठाचा क्लब संघ २००५ आणि २००८ मध्ये एसीएचएचा राष्ट्रीय विजेता होता, आणि तिथे खेळणाऱ्या मुलाला दिवसा इलिनॉयचं इंजिनिअरिंगच शिकता येतं. आपल्या घरांत हे वाक्य किती वजनाचं आहे ते सांगायला नको. फरक खर्चात आहे. इथे बर्फाचे, बसचे, पंचांचे पैसे बऱ्याचदा खेळाडूच भरतात. संघागणिक वर्षाला काही हजार डॉलर धरून चाला. आणि क्लबचा कोच ॲडमिशनला बोट लावू शकत नाही. मुलानं आपल्या मार्कांवर आत यायचं, मग ट्रायआउट. काही छोट्या कॉलेजांत एसीएचएच्या संघाला खेळासाठी पैसे देतात. तिथे मात्र 'खेळ सोडला तर काय' हे लेखी विचारून घ्या, कारण डिव्हिजन थ्रीचं संरक्षण तिथे नाही.

वयाचा मुद्दा, जो मला सगळ्यांत उशिरा कळला. डिव्हिजन थ्रीत पहिल्या वर्षाला येणारा मुलगा बहुधा वीस-एकवीस वर्षांचा असतो. बारावीनंतर एक-दोन वर्षं तो ज्युनियर हॉकी, म्हणजे कॉलेजआधीच्या वयाच्या मुलांच्या लीग, खेळून येतो. एनएएचएलसारख्या लीगमध्ये संघाची फी नसते, मुलाला घरी ठेवून घेणाऱ्या बिलेट कुटुंबाला महिन्याचे थोडे पैसे द्यायचे. त्याखालच्या टिअर थ्रीत पैसे भरून खेळायचं, मोसमाला दहा हजार डॉलरच्या घरात. त्यात ७ नोव्हेंबर २०२४ ला एनसीएएनं कॅनडाच्या सीएचएल या वरच्या ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंना डिव्हिजन वनचं दार उघडलं, १ ऑगस्ट २०२५ पासून. वरून ही मुलं आली की वरची काही खाली सरकतात आणि 'थ्री'च्या कोचला आता थांबायला हरकत नसते. म्हणून 'एक वर्ष ज्युनियर खेळून ये' हा निरोप नकार समजू नका, पण होकारही समजू नका. पैसे भरून तिसरं वर्ष ज्युनियर खेळायची वेळ आली, तर माझ्या मते सरळ क्लब असलेल्या चांगल्या विद्यापीठात जावं. वर्षभर कॉलेजात नसलेल्या मुलाला नातेवाइकांसमोर काय म्हणायचं हा प्रश्न वेगळाच; आमच्याकडे सासऱ्यांना मी 'अप्रेंटिसशिप' सांगितलंय.

मुलींचं चित्र बरंच सोपं आहे. त्या बहुतेक थेट शाळेतून किंवा प्रेप स्कूलमधून (कॉलेजची तयारी करून घेणारी खाजगी शाळा) जातात, वाट पाहायची वर्षं नसतात. म्हणून त्यांचं सगळं वेळापत्रक लवकर चालू करा, नववी-दहावीतच.

आणि पुढे प्रो? नॉर्विचचा कीथ ओकॉइन डिव्हिजन थ्रीतून एनएचएलला, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगला, पोचला. अशी नावं मोजायला फार बोटं लागत नाहीत, एवढं पुरे.

मार्चमध्ये थोरल्यानं तिन्ही कोचना एकच उत्तर पाठवलं होतं. दोन प्रश्न: माझ्या वर्षी किती डिफेन्समन घेताय, आणि गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी किती जण अजून संघात आहेत? क्लबच्या कोचचं उत्तर त्याच रात्री आलं, आकडे आणि वर्षाची फी सगळं एका ओळीत. मिडवेस्टच्या कोचनं लिहिलं, "फोनवर बोलू, तुझ्या आईबाबांनाही बसव." न्यू इंग्लंडचं उत्तर यायला बारा दिवस लागले. त्यात लिहिलं होतं: "दोन. सगळे. जूनमध्ये मार्कलिस्ट पाठव."