स्टार ट्रेक : प्रसारणाच्या क्रमाने की चित्रीकरणाच्या?

माझी भाची रोज बोरिवलीहून चर्चगेटला लोकलने जाते. १९६६ची ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानावरची अमेरिकन टीव्ही मालिका तिला पहिल्यापासून बघायचीय, पण कोणत्या क्रमाने यावर अडलंय.

सोय बघाल तर प्रसारणाचा क्रम सरळ. एक भाग संपला की पुढचा. पहिल्याच ‘द मॅन ट्रॅप’मध्ये माणसाच्या अंगातलं मीठ शोषणारा प्राणी आणि यानावरचे डॉक्टर मॅकॉय यांचं जुनं प्रेम. पकड लगेच बसते. धिम्या लोकलमध्ये एक भाग आरामात होतो.

पात्रांची घडी मात्र यात विस्कटते. तिसरा लागलेला ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ चित्रित झाला होता त्याच्या कितीतरी आधी. त्यात मॅकॉय नाही, संदेशवहन सांभाळणारी उहुरा नाही, गणवेश वेगळे आणि एरवी भावना न दाखवणारा अधिकारी स्पॉक चक्क ओरडून बोलतो! चित्रीकरणाच्या क्रमात त्यानंतर लगेच ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’ येतो, जो प्रसारणात थेट दहावा होता. त्यात उहुरा अजून पिवळ्या गणवेशात आहे. स्पॉक साकारणाऱ्या लेनर्ड निमॉयना त्याचा थंडपणा हळूहळू सापडत जातो, ते बघणं मला फार मोलाचं वाटतं. फक्त यादी हाताशी ठेवावी लागते.

प्रवासात, गोष्टीसाठी बघणाऱ्याने प्रसारणाचा क्रम घ्यावा. भाचीला मी तोच सुचवलाय. मालिका आधी पाहिलेल्यांनी, नटांचं काम निरखायचं असेल तर, चित्रीकरणाचाच.