मातीविना चारा: माझे 1,17,700 रुपये कसे गेले

बुकिंगचे 11,000. मातीविना चारा उगवण्याच्या (हायड्रोपोनिक) यंत्राचे 84,000. ‘फाईल खर्च’ म्हणून 6,500. बियाण्याचा म्हणून दिलेल्या 200 किलो मक्याचे 60 रुपये दराने 12,000. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांचे 4,200. हे पाच आकडे मला झोपेतसुद्धा पाठ आहेत. आठ महिने कचेऱ्यांतल्या चकरा सोडल्या तर घराबाहेर कुणाला बोललो नाही, बायकोच्या माहेरी अजून माहीत नाही. पण मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एकाने फोटो पाठवून विचारलं, ‘हे घ्यावं का?’ तेच रॅक, तेच हिरवे ट्रे. मग गप्प बसवेना.

मी अडाणी नाही, बी.कॉम. झालोय. तरी कसा फसलो हे समजायचं तर 2023 चं साल आठवा. माणदेशात आधीच पाऊस कमी, त्यात त्या वर्षी खरीप गेला. ऑक्टोबरात सरकारने 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, आमचं महसूल मंडळ (तालुक्यातला काही गावांचा गट) नंतरच्या ‘दुष्काळसदृश’ यादीत आलं. यादीत नाव आल्याने गव्हाणीत काही पडत नाही. कडबा मिळेना, चाऱ्यासाठी ऊस आणायचा तर टनाला 4,000 मोजावे लागत होते, आणि गाईच्या दुधाचा दर 34 वरून 27 वर आलेला. गोठ्यात सहा संकरित गाई, त्यातल्या चार दुधात, दिवसाला 44 लिटर. अशा वेळी कोणी म्हणालं, ‘1 किलो मक्यापासून आठ दिवसांत 10 किलो हिरवा चारा, जमीन नको, पाणी नावाला’, तर कोणता दूधवाला कान देणार नाही?

माणूस आठवडी बाजारात भेटला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, मोबाईलमध्ये मंत्र्यांसोबतचे फोटो. यंत्र 95,000 चं, ‘50 टक्के अनुदान, 47,500 थेट खात्यावर’. दोन दिवसांनी तो प्रात्यक्षिकाला ट्रे घेऊन आमच्या गोठ्यावर आला. हिरवीगार गादी, खाली पांढऱ्या मुळांची जाळी. ताणकाट्याला लावली, काटा 10 वर.

तो क्षण मला आजही जाळतो. आई शेण काढत होती. हात पुसून आली, गादीचा एक कोपरा तोडला आणि ओलं लुगडं पिळावं तसा मुठीत पिळला. बोटांतून पाणी गळून तिच्या पायावर पडलं, मुठीत उरला चोथा. ती म्हणाली, ‘आरं, ह्ये समदं पानीच हाय की. गुरांच्या पोटाला काय?’ तो हसला, म्हणाला, ‘आजी, हे विज्ञान आहे.’ आणि मी, तिचा मुलगा, परक्या माणसासमोर तिला म्हणालो, ‘आई, तू गप बस.’ पन्नास वर्षं जिने जनावरं सांभाळली, 72 चा दुष्काळ पाहिला, तिला मी गप बसवलं. पैशापेक्षा हे जास्त सलतं.

आईचंच गणित पुढे कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी मला फोनवर पाच मिनिटांत समजावलं. कोरड्या मक्यात किलोमागे साधारण 900 ग्रॅम कोरडा भाग असतो, बाकी पाणी. मोड आणून वाढवलेल्या चाऱ्यात कोरडा भाग जेमतेम 12-13 टक्के. 1 किलो मक्याचा 6 किलो चारा धरला तर कोरडा भाग 780 ग्रॅम. म्हणजे वाढला नाही, घटला, कारण उगवताना दाणा स्वतःचंच पिष्ट खर्च करतो. 400 किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला 12 किलोच्या आसपास कोरडा भाग लागतो. यंत्र विकणारा म्हणत होता, ‘गाईला 15 किलो द्या, कडबा बंद करा.’ त्या 15 किलोत कोरडं जेमतेम 2 किलो! मका तसाच भरडून घातला असता तर जास्त पोटात गेलं असतं. चारा विकणाऱ्याला एवढंच विचारा: कोरडा भाग किती? उत्तर देताना अडखळला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

मी डिसेंबरात पैसे भरले. खातं कंपनीचं नव्हतं, एका बाईच्या नावाचं बचत खातं होतं. ‘जीएसटी वाचतो, तुमचाच फायदा’ म्हणाला. बिलाऐवजी कच्ची पावती. पैसे उभे करायला एक कालवड 41,000 ला विकली, 50,000 पतसंस्थेतून उचलले.

जानेवारीत यंत्र आलं. यंत्र म्हणजे लोखंडी रॅक, 48 ट्रे, शेडनेट, अर्ध्या एचपीची मोटर आणि टायमर. टायमर नवव्या दिवशी बंद. बोअरच्या क्षारांनी फॉगर (पाण्याचे तुषार उडवणारी तोंडं) बुजले. 10 किलो एकदाही भरलं नाही, पाच-सहाच्या पुढे काटा गेला नाही. 60 रुपयांचा ‘बियाण्याचा’ मकाही बाजारातलाच, पोत्यावर आडत्याची खूण तशीच होती. मार्चमध्ये ऊन वाढलं आणि चौथ्या दिवशी पांढरी, मग काळी बुरशी. फोनवर त्याने सांगितलं, ‘वरचं काढून टाका, खालचं घाला.’ घातलं. तीन गाईंना हगवण, दूध 44 वरून 31 लिटर. बुरशीचा चारा धुऊन, निवडून, कसाही देऊ नका, ते विष दुधातही उतरतं. एप्रिलपासून त्याचा फोन बंद.

अनुदानाची चौकशी करायला पशुसंवर्धनच्या कार्यालयात गेलो. ‘अशी योजनाच आमच्याकडे नाही.’ मग आमच्या नावाने गावोगाव लुटणाऱ्यावर तुम्ही काय करणार? ‘लेखी अर्ज द्या.’ दिला. पोच मागितली तर शिक्का असलेले साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर. पोलीस ठाण्यात चार चकरा मारल्या. पहिल्यांदा ‘आचारसंहिता आहे, नंतर या’. दुसऱ्यांदा ‘माल मिळालाय ना, मग फसवणूक कशी? दिवाणी मामला आहे’. तिसऱ्यांदा ज्यांना भेटायचं ते बंदोबस्ताला. चौथ्यांदा हवालदार सगळ्यांसमोर म्हणाला, ‘शिकलेले असून कसे काय फसता हो तुम्ही?’ अहो, मी काय गुन्हा केला? मोटरसायकल लायसन्सविना चालवली तर पाच मिनिटांत पावती फाडता, आणि इथे खाते क्रमांक, फोन, फोटो सगळं हातात देऊनही एक कागद होत नाही? बँकेने सांगितलं, खातेदाराची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय नाही. पोलीस म्हणतात, बँकेचं स्टेटमेंट आणा. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावला तेव्हा कळलं की पैसे गेल्या गेल्या कळवलं तरच खातं गोठवण्याची आशा असते. तुम्ही पहिल्याच दिवशी लावा.

खरं अनुदान असेल तर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, त्यानंतर खरेदी. कोणी ‘आधी घ्या, अनुदान मागून’ म्हणालं की उठा. फाईल खर्च कुणाच्या हातात देऊ नका. चाऱ्याची सोयच करायची तर कणसासकट मक्याचा मुरघास (हवाबंद साठवून मुरवलेला हिरवा चारा) करा, बांधावर शेवरी हे चाऱ्याचं झाड लावा, कडब्याची कुट्टी करा, म्हणजे बारीक तुकडे. गव्हाचा भुसा असेल तर 100 किलोला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात विरघळवून, शिंपडून, 21 दिवस हवाबंद ठेवा. मापात चूक नको, डॉक्टरांना विचारूनच करा. यातलं काही दिसायला चकचकीत नाही, म्हणूनच ते विकायला कुणी येत नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार करतोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पोलीस अधीक्षकांनाही रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला, त्याची पोच तरी हातात राहते. तीन गावांतले चार जण सापडलेत, चौघांनीही त्याच बाईच्या खात्यावर पैसे भरलेत. तुम्हीही भरले असतील तर लाजू नका, पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. त्या खात्याचे शेवटचे चार आकडे जुळले, तर आपण एकत्रच तक्रार करू.