ऑलग्रिप की हायब्रिड : शेवटच्या दोनशे मीटरचा हिशेब

गेल्या महिनाभरात तीन जणांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. बजेट वीस लाखांच्या आसपास, घरात पाच माणसं, रोजचं फिरणं शहरात आणि गाव कोकणात, तर गाडी कुठली घेऊ? तिघांनाही फोनवर तुटक उत्तरं दिली. म्हणून आता जरा बैजवार लिहितो.

या बजेटमध्ये चारही चाकांना ताकद देणारी, पण घरच्या गाडीसारखी वागणारी एसयूव्ही शोधायला लागलात, तर यादी फार लवकर संपते. फिरून फिरून माणूस मारुतीच्या ग्रँड विटारापाशी येतो, नाहीतर तिची जुळी बहीण असलेल्या टोयोटाच्या हायरायडरपाशी. दोघी बंगळुरूजवळच्या बिडदीच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात, त्यामुळे त्यांच्यातली निवड डीलर आणि रंग यांवर सोडून द्या. खरी गोची पुढे आहे. याच गाडीत एकीकडे साध्या पेट्रोल इंजिनासोबत ऑलग्रिप म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह मिळते आणि दुसरीकडे स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेली गाडी मिळते, जी फक्त पुढची चाकं ओढते. दोन्ही एका गाडीत मिळत नाहीत. २०२५ मध्ये आलेल्या मारुतीच्याच व्हिक्टोरिसमध्येही हाच तिढा आहे. म्हणजे ‘कुठली गाडी’ हा प्रश्न सुटला तरी ‘त्यातली कुठली’ हा उरतोच.

मी २०२३ मध्ये ऑलग्रिप घेतली, मॅन्युअल गिअरची. त्याच सुमारास माझ्या कॉलेजच्या मित्राने हायब्रिड घेतली. आम्ही दोघंही कोल्हापुरात राहतो आणि चावी मागायला लाजत नाही. त्यामुळे जे लिहितोय ते दोन्ही गाड्या चालवून लिहितोय. तरी स्वतःच्या गाडीकडे माणूस थोडा झुकतोच, तेवढं धरून वाचा.

आधी हायब्रिडचं कौतुक, कारण ते मनापासून आहे. संध्याकाळी सातला महाद्वार रोडच्या आसपास जो अडकलाय त्याला ते लगेच पटेल. गाडी पावलापावलाने सरकते आणि इंजिन बंदच असतं. क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. पहिल्यांदा चालवली तेव्हा सिग्नलला बंद पडली की काय म्हणून मी बटणाकडे हात नेला होता. मित्र शेजारी बसून हसत होता. माझ्या गाडीत त्याच रस्त्यावर डावा गुडघा आठवण करून देतो की आपण चाळिशी ओलांडली आहे. बायकोला शहरात जायचं असलं की ती मला सरळ विचारते, “त्याची गाडी मिळेल का?”

पेट्रोलचं म्हणाल तर कंपनीचे आकडे हायब्रिडला लिटरमागे २७.९७ आणि माझ्या मॅन्युअल ऑलग्रिपला १९.३८ किलोमीटर. आमच्या हातात शहर आणि घाट मिळून त्याची २२ च्या पुढेमागे देते, माझी १५. पावसाळ्यात एसी चालू, पाच माणसं आणि सामान असलं की त्याहूनही खाली. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले तर मला ८०० लिटर लागतात, त्याला साधारण ५४५. लिटर शंभरच्या वर गेल्यापासून हा फरक वर्षाला पंचवीस हजारांच्या पुढे जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आली तेव्हा वरच्या ट्रिममधली ऑलग्रिप १६.८९ लाखांना होती आणि हायब्रिड १७.९९ लाखांपासून पुढे, दोन्ही एक्स-शोरूम. तेव्हाच्या भावाने पाहिलं तरी वरचा लाख-सव्वा लाख चार-पाच वर्षांत वसूल. किमती त्यानंतर हलल्या आहेत, तुमचं गणित आजच्या कोटेशनवर करा. पण त्याचा कल फारसा बदलेल असं वाटत नाही. कागदावर हायब्रिड जिंकते. मीही हायब्रिडच बुक करायला निघालो होतो.

आता कागदावर नसलेली गोष्ट.

आमचं गाव आंबा घाट उतरल्यावर साखरप्याच्या बाजूला. मुख्य रस्त्यापासून वाडीत शिरलं की शेवटचे दोनशे मीटर कच्ची चढण आहे. एका अंगाला गडगा, दुसऱ्या अंगाला काजू, मध्ये उघडा जांभा. मे महिन्यात तिथे कुठलीही गाडी चढते. जुलैपासून त्या जांभ्यावर शेवाळ धरतं आणि त्यावरून लाल पाण्याचा ओहोळ वाहतो. रस्ता मंजूर झाल्याचं मी बारा वर्षं ऐकतोय.

आमच्याकडे आधी एक छोटी हॅचबॅक होती, गुणी गाडी. पण पावसाळ्यात त्या चढणीखाली आली की एकच शब्द, “उतरा.” मग आई, बायको, मुलं, सगळे छत्र्या शोधत चिखलात उतरायचे. मी गाडी मागे घ्यायचो, दम धरून रेस द्यायचो आणि रिकामी गाडी कशीबशी वर न्यायचो. कधी पहिल्या झटक्यात, कधी चौथ्या. वर पोचेपर्यंत आईच्या लुगड्याचा काठ घोट्याच्या वरपर्यंत लाल झालेला असायचा. ती काही बोलायची नाही. न्हाणीघरात जाऊन काठ तेवढा धुवायची.

२०२२ ची हरतालिका, म्हणजे ३० ऑगस्टची संध्याकाळ. आम्ही शाळेतून गणपती घेऊन निघालो. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. काका मागे बसलेले, मांडीवर पाट, पाटावर मूर्ती, तिच्या तोंडावर रुमाल. पाऊस असा की वायपर नुसते हात हलवत होते. चढणीखाली आलो आणि सवयीने तोंडातून निघालं, “उतरा.” काका म्हणाले, “देव घेऊन कुठे उतरू? शेवाळ्यावर पाय गेला तर?” म्हणून सगळ्यांना घेऊनच चढायला गेलो. निम्म्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. रबराचा वास आला, गडग्यावर लाल फवारा उडाला आणि गाडी हळूहळू मागे घसरायला लागली. हँडब्रेक ओढून धरला. शेवटी शेजारची दोन पोरं ताडपत्री घेऊन धावत आली आणि तिच्याखालून काका मूर्ती डोक्यावर घेऊन चालत वर गेले. मूर्तीला काही झालं नाही. मी मात्र गाडीतच बसून राहिलो, पाय ब्रेकवर, पुढचा बराच वेळ.

त्या रात्री ठरलं, पुढची गाडी घेताना मायलेज नंतर बघायचं.

मेकॅनिकच्या भाषेत कारण साधं आहे. चढणीवर गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि पुढून ओढणाऱ्या गाडीत नेमका जोर त्या हलक्या चाकांकडेच असतो. पाच माणसं आणि मागे सामान असलं की पुढचं टोक आणखी हलकं. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर चाक फिरायला लागताच तो ताकद कापतो आणि गाडी मधेच श्वास सोडते. हायब्रिडमध्ये मोटरचा जोर तात्काळ मिळतो, हे खरं. पण तो जातो त्याच दोन चाकांना. ऑलग्रिपमध्ये पुढचं चाक घसरायला लागलं की पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा मधला क्लच आवळतो आणि मागच्या, म्हणजे वजन असलेल्या चाकांना जोर मिळतो. चार मोड आहेत : ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. स्पोर्ट मी दोनदा लावला असेल. एरवी ऑटो, आणि चढणीखाली आलो की गोल बटण लॉकवर. पहिला गिअर, हलकी रेस. जांभ्यावर टायर एकदा कुरकुरतो, गाडी किंचित अंग हलवते आणि चालत्या माणसाच्या वेगाने वर जाते. पाचही जण आत. धाकटा अजूनही चढणीखाली आलो की दाराच्या कडीला हात लावून विचारतो, “उतरायचं?”

फोर-व्हील ड्राइव्हबद्दल एक गैरसमज मात्र पसरवू नये. ती चढवते, थांबवत नाही. आंबा घाटात धुक्यात आणि पावसात उतरताना माझी गाडी मित्राच्या गाडीपेक्षा सुरक्षित आहे असं मला कधीच वाटलं नाही. ब्रेक दोघांचेही चारच चाकांना आणि टायरची पकड दोघांची सारखीच. उताराचा फरक असलाच तर तो वेगळा. हायब्रिडची बॅटरी छोटी, पाऊण किलोवॉट-तासाच्या आसपास. लांब उतारावर मोटर गाडी रोखताना ती भरत जाते, लवकर भरते आणि मग मोटरचं हे रोखणं कमी होतं. मॅन्युअलमध्ये मी दुसरा गिअर टाकून निवांत उतरतो. ही सवयीची गोष्ट आहे, याला कुणाचा दोष म्हणणार नाही.

ऑलग्रिपची किंमत नुसती पेट्रोलमध्ये मोजू नका. इंजिन १०३ पीएस ताकदीचं आणि १३७ न्यूटन-मीटर जोराचं, म्हणजे घाटात पाच माणसं घेऊन ट्रक ओलांडायचा तर आधी मनाची तयारी, मग गिअर, मग ट्रक. हायब्रिडकडे मोटर धरून ११६ पीएस आहेत आणि कमी वेगात तो फरक आकड्यांपेक्षा जास्त जाणवतो. दुसरा खर्च टायरचा. चारही टायर सारखे झिजलेले असायला लागतात, नाहीतर चाकांच्या फिरण्यात फरक पडून मधल्या क्लचवर फुकटचा ताण येतो. माझा एक टायर कडेला दगडाने कापला, बाकीचे तीन निम्मे झिजलेले. पंक्चरवाला म्हणाला, “एकच टाका की साहेब.” त्याचं ऐकावंसं फार वाटलं होतं. शेवटी चारही घातले आणि त्या महिन्यात बाकी काही घेतलं नाही. आणि आता घेणाऱ्यांसाठी : २०२५ पासून ऑलग्रिप सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसोबत मिळते, मॅन्युअल गेली. गुडघ्यासाठी चांगलं, खिशासाठी तेवढं नाही. घाटात ती कशी वागते हे मी शपथेवर सांगू शकत नाही, एकदाच थोडी चालवली आहे.

डिकीचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. हायब्रिडमध्ये बॅटरी मागे असल्याने २६५ लिटरच जागा, ऑलग्रिपमध्ये ३७३. नुसत्या आकड्यांत हे कळत नाही. गावाहून परतताना तांदळाचं पोतं, वीसेक नारळ, एक फणस आणि मे असेल तर आंब्याच्या पेट्या असतात. माझ्याकडे ते सगळं मागे जातं. मित्राकडे फणस मुलांच्या पायाशी येतो आणि कोल्हापूरपर्यंत ती मुलं फणसाविषयी बोलत असतात.

“मग सरळ स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर का नाही?” असं विचारणारे भेटतातच. ती जात वेगळी. डिझेल इंजिन, लो रेंज म्हणजे हळू पण जास्त जोराचे गिअर, खरोखर वाटच नसलेल्या ठिकाणी जायला बनवलेली. आमची चढण ती झोपेत चढेल. पण तिची फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, कोरड्या डांबरावर लावून ठेवायची नाही. आमच्यासारखं शंभर मीटर डांबर, मग चिखल, मग परत डांबर असेल तर लक्ष सतत त्या बटणावर. शिवाय रुंदी १९१७ मिलिमीटर, माझीची १७९५. आमच्या पेठेतल्या बोळात हा बारा सेंटिमीटरचा फरक म्हणजे शेजाऱ्याशी रोजचं भांडण. जिम्नी आवडते, पण चारच जणांची. पाचव्याला सांगणार कोण? आणि खरं मनातलं सांगू का, रेनोची जुनी डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांची. २०१४ मध्ये आलेली, ११० पीएस डिझेल, सहा गिअर, पहिला गिअर तर रांगणाराच. बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर ते डिझेल गेलं. सेकंडहँडमध्ये एखादी नीट सांभाळलेली दिसली तर मी अजूनही थांबून बघतो. कुटुंबासाठी घ्या असं सांगायचं धाडस मात्र होत नाही.

तेव्हा तुमच्या गावाला दारापर्यंत काँक्रीट असेल, किंवा पावसाळ्यात जाणं वर्षातून एकदाच होत असेल, तर हायब्रिड घ्या आणि माझं हे सगळं विसरा. रोजचे तीस-चाळीस किलोमीटर शहरातले असतील तरी तेच. पण रस्ता कुठेतरी संपत असेल आणि तो संपल्यावर गाडीत म्हातारी माणसं असतील, तर मी तरी ऑलग्रिपकडे वळेन. चाचणी घेताना एकच करा, फोर-व्हील ड्राइव्हचीच गाडी मागा. मला एका शोरूमने पुढच्या चाकांची गाडी आणून “सेमच आहे सर” म्हणून बसवलं होतं.

मित्र गेल्या वर्षी गणपतीला आमच्याकडे आला. गाडी चढणीखाली काजूच्या झाडाजवळ लावली आणि बूट हातात घेऊन चालत वर आला. पडवीत पाय धुता धुता त्याने हिशेब सांगितला, कोल्हापूरहून येऊन जाऊन माझ्यापेक्षा त्याचं चार लिटर पेट्रोल कमी लागणार. मी कबूल केलं. चहा झाला. मग त्याच्या बायकोला, सासूबाईंना आणि दोन बॅगा आणायला मी माझी गाडी घेऊन खाली गेलो.