क्रेडिटच्या नावाखाली 61,500 रुपये गेले

प्रवेशाचे 6,000, फीचे 38,000, ‘क्रेडिट ट्रान्सफर’चे 14,500 आणि वर ‘व्हेरिफिकेशन’चे 3,000. एकूण 61,500. बापाच्या कापसाचे पैसे होते.

बारावी सायन्स करून मी भुसावळला एका लॅबमध्ये लागलो. रक्त काढतो, स्लाइड बनवतो, सगळं येतं, फक्त डिप्लोमा नाही. डॉक्टर म्हणाले, कागद नसेल तर यापुढे ठेवता येणार नाही. नेमका तेव्हाच हा सेंटरवाला भेटला. अनुभवाचे क्रेडिट (म्हणजे शिकलेल्या तासांची विद्यापीठातली मोजणी) धरू, थेट बीएमएलटीच्या, म्हणजे लॅबच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला बसवू, युनिव्हर्सिटी बाहेरच्या राज्यातली, कॉलेजला जायचं काम नाही. “भाऊ, मी तुमनाच मानूस शे,” हे वर अहिराणीत. पुण्या-मुंबईचा कोणी हेच बोलला असता तर मी उठून आलो असतो.

14,500 साठी क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं एका कृषी सेवा केंद्राचं. खत-बियाण्याचं दुकान! मी विचारलंसुद्धा. म्हणे, संस्थेचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय, भावाच्या खात्यावर घेतोय. टेबलावर मायक्रोस्कोप होता, त्याला एकही ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडवरचं भिंग, नव्हतं. रोज मायक्रोस्कोपवर बसणारा माणूस मी, दिसलं होतं मला. पण मागे पोरं पैसे घेऊन उभी, भिंतीवर प्रमाणपत्रांच्या फ्रेमा, आणि माझी नोकरी टांगलेली. अशा वेळी कोण उठून जातं, सांगा.

मार्कशीट व्हॉट्सअ‍ॅपवर आली, पीडीएफ. प्रॅक्टिकलचे 20 क्रेडिट! प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास लागतात, म्हणजे 600 तास. त्या सेंटरात हात धुवायला नळसुद्धा नव्हता. डिजिलॉकरमधून अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात ते सरकारी खातं उघडलं तर शून्य. तिथे क्रेडिट विद्यापीठ किंवा कॉलेजच जमा करतं. एजंट करू शकत नाही, आपण स्वतःही नाही. कोणी ‘बॅकएंडला एन्ट्री होईल’ म्हणालं की चप्पल घालून निघा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्हीच राजीखुशीने दिले, हा दिवाणी मामला. अहो, फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे, दिवाणी कसला? हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात होणारी नोंद, ते मला तेव्हा सुचलं नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, पण उशिरा. पैसे गेले की त्याच तासात करायचा असतो. युनिव्हर्सिटीने ‘असं सेंटर आमचं नाही’ एवढं कळवून हात झटकले. आणखी एका सरकारी कार्यालयात साहेब मीटिंगमध्ये, मग रजेवर, मग ‘लेखी द्या’, लेखी दिलं तर ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’. मग येतो कोणाकडे? शेवटी एक क्लार्क मलाच म्हणाला, शिकलेले दिसता, तरी फसलात? पगार कशाचा घेतात ही माणसं!

आणि घरबसल्या लॅबचा कोर्स विसरा. 2021 च्या सहयोगी आरोग्यसेवा कायद्यात येणारे कोर्स, लॅबचाही धरून, दूरस्थ आणि ऑनलाइन चालवायला यूजीसीने 2025 मध्ये बंदी घातली आहे. आधी त्या कायद्याखालच्या राज्य परिषदेकडे संस्थेची मान्यता विचारा, तीही लेखी.

तो बोर्ड आता उतरलाय, त्याच गाळ्यात स्पोकन इंग्लिशचे क्लास लागलेत. क्यूआरचं नाव तेवढं तेच आहे. तिथे ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पावत्या आणि स्क्रीनशॉट घेऊन एकत्र या. एकट्याची तक्रार कोणी घेत नाही, हे मी बघून आलोय.