संकेतस्थळ उघडत नाही तेव्हा: एफक्यूडीएन पॉलिसी की वेब फिल्टर?

ठरावीक संगणकांवर ठरावीक संकेतस्थळेच उघडावीत, अशी अट असेल, तर फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कची आतबाहेरची वाहतूक तपासणाऱ्या यंत्रणेवर, ती पॉलिसी (नियम) साधारणपणे दोन तऱ्हांनी लिहिली जाते. एका तऱ्हेत गंतव्याच्या रकान्यात प्रत्येक संकेतस्थळासाठी एक एफक्यूडीएन (संकेतस्थळाचे पूर्ण नाव) ऑब्जेक्ट ठेवायचे, एचटीटीपीएसच्या पोर्ट ४४३ ला परवानगी द्यायची आणि उरलेले सर्व शेवटच्या गर्भित नकारावर, म्हणजे कोणत्याच पॉलिसीत न बसणारे आपोआप अडवणाऱ्या नियमावर, सोडून द्यायचे. दुसऱ्या तऱ्हेत गंतव्य मोकळे ठेवून त्याच पॉलिसीला वेब फिल्टर जोडायचा, आणि यादीतील नावे सोडून बाकीची नावे त्या फिल्टरने अडवायची. आमच्या कारखान्यातील स्टोअर आणि डिस्पॅच या विभागांसाठी मी पहिली पद्धत सुमारे दोन वर्षे चालवली आणि आता दुसरीवर आलो आहे, त्यामुळे हा आढावा अगदी तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही. संपूर्ण डिक्रिप्शनचा, म्हणजे कूटबद्ध वाहतूक फायरवॉलवर उलगडून वाचण्याचा, तिसरा मार्ग मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. त्यासाठी प्रत्येक यंत्रावर फायरवॉलचे मूळ प्रमाणपत्र बसवावे लागते, आणि जेथे अर्धे संगणक आपले नि अर्धे कंत्राटदाराचे असतात, तेथे ते काम कधीच पुरे होत नाही.

पहिल्या पद्धतीचे गुण मी आजही नाकारत नाही. पॉलिसी वाचायला अत्यंत स्वच्छ असते: कोठून, कोठे, कोणत्या पोर्टवर, एवढेच. लेखापरीक्षकासमोर ती ठेवली की फारसे प्रश्न येत नाहीत. निर्णय पहिल्याच पॅकेटला होतो, म्हणजे यादीबाहेरच्या सर्व्हरशी टीसीपीची जोडणीसुद्धा होत नाही. शिवाय संकेतस्थळांचे विषयवार वर्गीकरण पुरवणाऱ्या सेवेचा वार्षिक परवाना लागत नाही, ही बाब खरेदी विभागाला तांत्रिक बाबींपेक्षा लवकर समजते.

अडचण आली ती एका ग्राहक कंपनीच्या पुरवठादार-पोर्टलवर. गाडी भरून फाटकाशी उभी राहायची, पाठवणीची आगाऊ सूचना पोर्टलवर चढवल्याशिवाय ती सोडता येत नसे, आणि नेमक्या त्या वेळी डिस्पॅचमधून फोन यायचा की पोर्टल उघडत नाही. मी माझा लॅपटॉप घेऊन जाऊन बसलो की ते उघडायचे. कधी शेजारच्या संगणकावर उघडायचे आणि याच्यावर नाही. ब्राउझर बराच वेळ फिरत राहून शेवटी जोडणीची वेळ संपल्याचे सांगायचा, त्यामुळे पहिला संशय इंटरनेटच्या वेगावर आणि दुसरा थेट पोर्टलवरच जायचा. कायम बंद पडलेली गोष्ट शोधता येते. अधूनमधून बंद पडणारी गोष्ट आपल्यालाच खोटे पाडते, हा अनुभव मी त्या तीन आठवड्यांत पुरता घेतला.

लॉग पाहिला नाही असे नाही. आधी तर गर्भित नकाराची नोंदच चालू नव्हती. ती बऱ्याच फायरवॉलवर मूळ मांडणीत बंद असते, आणि ‘लॉगमध्ये काहीच दिसत नाही’ या वाक्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. ती चालू केली तेव्हा दिवसभरात नाकारलेल्या हजारो ओळी मिळाल्या, पण प्रत्येक ओळीत केवळ आकडे, म्हणजे आयपी पत्ते, होते. नकार पहिल्याच पॅकेटला झालेला असल्यामुळे संकेतस्थळाचे नाव फायरवॉलला कळलेलेच नसते, ते तो लिहिणार कसा? एकाच मोठ्या सीडीएनच्या (अनेक संकेतस्थळे आपल्या सर्व्हरांवरून पुरवणाऱ्या जाळ्याच्या) पट्ट्यातले पन्नास पत्ते समोर असताना त्यांतला आपल्या पोर्टलचा कोणता आणि पार्श्वभूमीत स्वतःचे अद्यतन शोधणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचा कोणता, हे केवळ पत्त्यावरून सांगता येत नाही.

कारण शेवटी सापडले ते असे. एफक्यूडीएन ऑब्जेक्ट म्हणजे नाव नव्हे; फायरवॉलने स्वतः विचारून ठेवलेल्या पत्त्यांची ती एक छोटी यादी असते. नावाचा पत्ता वापरकर्त्याचा संगणक आमच्या डोमेन कंट्रोलरला (कार्यालयातील मुख्य सर्व्हरला) विचारत होता, तो पुढे इंटरनेट पुरवठादाराच्या डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, आणि फायरवॉल मात्र एका सार्वजनिक डीएनएसला. सीडीएन विचारणाऱ्या सर्व्हरनुसार वेगवेगळे पत्ते देते, त्यामुळे एकाच नावाची दोन खरी उत्तरे एकाच इमारतीत नांदत होती. संगणक एका पत्त्याकडे निघायचा, फायरवॉलच्या यादीत दुसराच असायचा, आणि दोन्ही योगायोगाने जुळले की पोर्टल उघडायचे. माझ्या लॅपटॉपवर ते नेहमी का उघडत होते, याचे उत्तर थोडे लाजिरवाणे आहे: चाचणी नेमकी व्हावी म्हणून मी त्यावर फायरवॉलचाच डीएनएस भरून ठेवला होता.

संगणक आणि फायरवॉल या दोघांना एकच डीएनएस द्यावा, हा यावरचा रूढ उपाय आहे आणि पहिली पद्धत ठेवायची असेल त्याने तो आधी करावा. आमच्याकडे त्याने तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. संपल्या मात्र नाहीत, कारण वेळेचा प्रश्न उरतोच. अकामाई या सीडीएनवरील नावांच्या नोंदींचा टीटीएल (उत्तर ग्राह्य धरण्याची मुदत) बहुधा २० सेकंदांचा असतो, ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरच्या (अनेक सर्व्हरांत भार वाटणाऱ्या सेवेच्या) नावांचा ६० सेकंदांचा, आणि फायरवॉल नावे पुन्हा विचारतो तो त्याच्या स्वतःच्या फेऱ्यानुसार. पीएफसेन्स या फायरवॉलमध्ये हा फेरा मूळ मांडणीत ३०० सेकंदांचा आहे. यात कोणाचा दोष काढता येत नाही. पत्ते निदान दोन फेऱ्यांमधल्या काळात स्थिर राहतील, असे ही पद्धत गृहीत धरते, आणि आजची संकेतस्थळे तशी राहिलेली नाहीत, एवढेच. काही फायरवॉल वाइल्डकार्ड (एका डोमेनखालील सर्व नावे धरणाऱ्या) नावांचे पत्ते आपल्यातून जाणाऱ्या डीएनएस-उत्तरांवरून शिकतात. ही सोय चांगली आहे, परंतु ब्राउझरने डीएनएस एचटीटीपीएसमधून विचारायला सुरुवात केली की ती आंधळी होते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. सीडीएनचा एक पत्ता उघडला की त्या पत्त्यावर राहणारी इतर संकेतस्थळेही उघडतात. म्हणजे कागदावर अत्यंत कडक दिसणारी आमची पॉलिसी प्रत्यक्षात बरीच सैल होती. फक्त ती कोठे सैल आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

वेब फिल्टरच्या पद्धतीत फायरवॉल टीसीपीची जोडणी होऊ देतो, ब्राउझरच्या पहिल्या टीएलएस (एचटीटीपीएसचे कूटबद्धीकरण) संदेशातील एसएनआय, म्हणजे उघडपणे लिहिलेले संकेतस्थळाचे नाव, वाचतो, आणि त्या नावावर निर्णय घेतो. पत्ता कोणताही असो, नाव तेच राहते. मला या पद्धतीकडे खेचले ते तिच्या लॉगने. काही महिन्यांपूर्वी त्याच पोर्टलने आपले लॉगिन दुसऱ्या सेवेकडे वळवले आणि सकाळी नऊ वाजता सर्वांचेच पान अर्धवट उघडून थांबले. वेब फिल्टरच्या लॉगमध्ये अडवलेले नाव पूर्ण अक्षरांत लिहिलेले होते, वेळ होती, वापरकर्त्याचा संगणक होता. ते नाव यादीत चढवून मी चहा संपण्याच्या आत मोकळा झालो. जुन्या पद्धतीत मला संगणकावर बसून ब्राउझरच्या एफ१२ मधला नेटवर्कचा रकाना उघडावा लागला असता, लाल ओळींतली नावे टिपावी लागली असती, आणि मग ती एकेक करून फायरवॉलच्या पत्त्यांशी ताडून पाहावी लागली असती. ही तुलना कोणी मोजलेली नाही, ती माझ्या सकाळींची आहे.

येथे एका फसगतीची सूचना द्यायला हवी. या पद्धतीत ट्रॅफिकच्या लॉगमध्ये परवानगी दिसते, कारण पॉलिसीने जोडणी खरोखरच होऊ दिलेली असते; नकार वेब फिल्टरच्या वेगळ्या लॉगमध्ये असतो. नवा माणूस पहिला लॉग पाहून ‘फायरवॉलने सोडले आहे, दोष पलीकडचा’ असे सांगून मोकळा होतो. आमच्याकडेही असे एकदा झाले, आणि ते सांगणारा मीच होतो.

दुसऱ्या पद्धतीचे त्रास कमी नाहीत. अडवलेल्या एचटीटीपीएस संकेतस्थळाच्या जागी फायरवॉल आपले सूचनापान दाखवू पाहतो, परंतु त्याचे प्रमाणपत्र ब्राउझरला ओळखीचे नसल्यामुळे वापरकर्त्याला दिसते ते ‘जोडणी खाजगी नाही’ असे भयंकर पान; हा हल्ला आहे असे समजून लोक फोन करतात. सूचनापान बंद करून जोडणी सरळ तोडणे मला अधिक बरे वाटले. क्विकचा, म्हणजे टीसीपीऐवजी यूडीपीवरून चालणाऱ्या नव्या वेब-प्रोटोकॉलचा, प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. ब्राउझर यूडीपी ४४३ वरून गेला तर कित्येक फिल्टरांना नाव नीट वाचता येत नाही, म्हणून यूडीपी ४४३ नाकारणारी पॉलिसी वर ठेवावी. ब्राउझर मुकाट्याने टीसीपीवर परततो आणि वापरकर्त्याला बहुधा कळतही नाही. वर्गीकरणावर अवलंबून असाल तर परवाना संपण्याची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, कारण वर्गीकरणाची सेवा उत्तर देईनाशी झाली की मांडणीनुसार सर्व संकेतस्थळे अडतात किंवा सर्वच सुटतात. मार्चअखेरीस नूतनीकरणाचा कागद लेखा विभागात अडकला होता, तेव्हा हा धडा आम्हाला मिळाला. फक्त हाताने लिहिलेल्या नावांची यादी वापरली तर हा धोका बराच कमी होतो.

पुढचे सांगणे थोडे जपूनच करतो. टीएलएस १.३ मध्ये, म्हणजे २०१८ पासून, सर्व्हरचे प्रमाणपत्रही कूटबद्ध होऊन जाते, त्यामुळे डिक्रिप्शनशिवाय चालणाऱ्या फिल्टरला आधार उरतो तो मुख्यतः एसएनआयचाच. तो एसएनआयही झाकण्याची सोय, म्हणजे ईसीएच, फायरफॉक्स आणि क्रोममध्ये २०२३ पासून येऊ लागली आहे. जाणूनबुजून खोटे नाव पाठवणाऱ्या प्रोग्रॅमपुढेही ही पद्धत टिकत नाही. ज्यांच्याकडे वापरकर्ते फायरवॉलला चकवण्याच्याच मागे असतात, त्यांनी माझ्या पसंतीवर फार विसंबू नये. आमच्या डिस्पॅचमधील मंडळींना फक्त गाडी वेळेवर सोडायची असते.

सर्व्हरच्या बाबतीत मात्र मी अजूनही एफक्यूडीएन ऑब्जेक्टच वापरतो. बँकेच्या एसएफटीपीला (फाइली सुरक्षितपणे पाठवण्याच्या सेवेला) पोर्ट २२ वर जाणारा सर्व्हर, ५८७ वरून मेल पाठवणारी यंत्रणा, वेळ जुळवणारे एनटीपी: येथे ब्राउझर नाही, पत्ते क्वचितच बदलतात, आणि वेब फिल्टरला वाचण्यासारखे काही नसतेही. माणसे बसतात त्या विभागांच्या पॉलिसी तेवढ्या मी वेब फिल्टरवर नेल्या आहेत. त्यांत डीएनएसच्या पॉलिसीखाली यूडीपी ४४३ चा नकार येतो, त्याखाली मुख्य पॉलिसी, आणि तळाच्या गर्भित नकाराची नोंद चालू ठेवलेली आहे. जुनी एफक्यूडीएनची पॉलिसी मी पुसलेली नाही, ती निष्क्रिय करून तळाशी ठेवली आहे. गेल्या आठ महिन्यांत ती पुन्हा सुरू करण्याची वेळ आलेली नाही.