जर्मन लष्करी पदकांचा संग्रह: १९१४ चा आयर्न क्रॉस, १९३९ चा, की १९३४ चा सन्मान क्रॉस?

जर्मन लष्करी पदके जमवू पाहणाऱ्याची नजर बहुधा सर्वप्रथम आयर्न क्रॉसवरच जाते. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा याने १० मार्च १८१३ रोजी, नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी हे सन्मानचिन्ह सुरू केले. त्याचे रूप सिद्ध करण्यात वास्तुविशारद कार्ल फ्रेडरिक शिंकेल याचा हात होता, आणि पुढे १८७०, १९१४ व १९३९ मध्ये ते नव्याने सुरू करण्यात आले. पहिले दोन काळ नवख्याला परवडणारे नाहीत. खरी निवड उरते ती दुसऱ्या श्रेणीच्या १९१४ आणि १९३९ च्या पदकांत, १९५७ च्या सुधारित नमुन्यात, आणि फारशी चर्चा न होणाऱ्या १९३४ च्या सन्मान क्रॉसमध्ये.

१९१४ आणि १९३९ च्या पदकांची घडण एकच आहे. काळा रंग दिलेला लोखंडी गाभा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी, दोन अर्ध्या भागांची झाळून जोडलेली चंदेरी चौकट. १९१४ च्या पदकावर पुढे मुकुट, सम्राटाच्या नावाचे आद्याक्षर आणि सन असतो, तर मागे ओकची पाने, फ्रेडरिक विल्हेल्मची आद्याक्षरे आणि १८१३ हा सन. १९३९ चे पदक किंचित मोठे असून त्याच्या मध्यभागी नाझी स्वस्तिक आहे आणि मागे केवळ १८१३. फीतही वेगळी: जुनी काळी, कडांजवळ पांढऱ्या पट्ट्या असलेली (प्रत्यक्ष लढाईत नसलेल्यांसाठी हेच रंग उलटे), तर नवी मध्ये रुंद लाल पट्टा असलेली.

पदक हाती आले की आधी त्याची कड भिंगाखाली धरावी. अस्सल नमुन्यात चौकटीच्या दोन भागांचा सांधा बारीक रेषेसारखा दिसतो, आणि आतल्या मण्यांच्या किनारीपाशी गाभा व चौकट या दोन स्वतंत्र वस्तू असल्याचे कळते. स्वस्त प्रतिकृती एकाच साच्यातून ओतलेली असल्याने तेथे ना सांधा असतो ना फट, फक्त रंगाची सीमा असते. गाभ्याला लोहचुंबक चिकटला पाहिजे, परंतु लोखंडाची प्रतिकृती करणे कुणालाच अवघड नसल्यामुळे एवढ्यावर विसंबू नये. १९१४ च्या पदकाच्या, फीत ओवायच्या कडीवर पुष्कळदा निर्मात्याची खूण किंवा चांदीचा ८०० हा कस आढळतो. अतिनील दिव्याखाली फितीचे धागे निळसर पांढरे चमकले, तर ती फीत बहुधा युद्धोत्तर काळातली असते. मात्र फिती झिजतात आणि बदलल्या जातात, तेव्हा केवळ फितीवरून पदकाला खोटे ठरवणे अन्यायाचे होईल.

नवख्यासाठी निर्णायक मुद्दा माझ्या मते नकली पदकांचा आहे. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या श्रेणीचे सुमारे ५० लाख क्रॉस दिले गेले, त्यामुळे ते आजही सहज मिळतात आणि तुलनेने स्वस्त आहेत. म्हणजे त्यांची नक्कल करून फारसा नफा होत नाही. नाझी काळातील वस्तूंना मागणी प्रचंड, भाव चढे, आणि म्हणून नकलाही मुबलक. शिवाय काही जुन्या निर्मात्यांनी युद्धानंतरही उत्पादन चालू ठेवल्याने उत्तम घडणीचे पदकसुद्धा काळाच्या दृष्टीने चुकीचे असू शकते. पारखी नजर तयार होण्याआधी १९३९ च्या पदकावर मोठी रक्कम लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा प्रदर्शनाचा. जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम ८६ अ नुसार नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंडाचा गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला व इतिहासकथनासाठी अपवाद आहेत, आणि तेथील लिलावांच्या सूचीत हे चिन्ह झाकलेले दिसते ते याच कारणाने. म्युनिक किंवा फ्रांकफुर्टमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. आपल्या उंबरठ्यावरील शुभचिन्हाशी नुसत्या आकाराचे साम्य आहे म्हणून महाराष्ट्रातील दिवाणखान्यातही हे पदक शोभेची वस्तू ठरू नये. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी ज्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो याच जर्मन फौजांविरुद्ध लढताना. हे पदक मांडायचेच असेल, तर काळ, राजवट आणि तिचे अत्याचार यांचा उल्लेख करणाऱ्या मजकुरासह मांडावे.

१९५७ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीतील माजी सैनिकांना स्वस्तिकाऐवजी ओकची पाने असलेला नमुना वापरण्याची मुभा दिली. तो प्रदर्शनाला निर्धोक आहे, पण युद्धकाळातील वस्तू म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नये.

माझी पसंती आहे ती १९३४ च्या सन्मान क्रॉसला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी १३ जुलै १९३४ रोजी तो पहिल्या महायुद्धातील सहभागासाठी सुरू केला. आघाडीवर लढलेल्यांना तलवारींसह, इतर सहभागींना तलवारींशिवाय, आणि मृतांच्या विधवा व आईवडिलांना काळ्या रंगात असे त्याचे तीन प्रकार असून पहिला प्रकारच सुमारे ६२ लाख लोकांना मिळाला. त्यामुळे हा सर्वांत स्वस्त. पदकावर स्वस्तिक नाही. त्याचे खरे मोल सोबतच्या प्रमाणपत्रात आहे, कारण त्यावर धारकाचे नाव, गाव, तारीख आणि देणाऱ्या कार्यालयाचा शिक्का असतो. सुटे पदक कुणाचेही असू शकते. कागदासह आलेले पदक एका माणसाचे असते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात सुमारे १ लाख ज्यू होते आणि त्यांतील जवळपास १२,००० मृत्युमुखी पडले. हा क्रॉस ज्यू माजी सैनिकांनाही मिळाला, आणि प्रमाणपत्रावर मजकूर असे ‘फ्यूरर व राइखचान्सलर यांच्या नावाने’, म्हणजे हिटलरच्या नावाने. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्याच माणसांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. असा एक कागद डझनभर सुट्या पदकांपेक्षा अधिक बोलतो. शिक्क्यात नाझी चिन्ह असू शकते, म्हणून जर्मनीत कागद मांडताना वरचाच नियम पाळावा.

मांडणीसाठी भिंतीवरची चौकट आणि आडवी काचेची पेटी असे दोन पर्याय आहेत. चौकट सुंदर दिसते, पण मुंबई-कोकणातील पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ती लावली तर लोखंडी गाभ्याला गंज चढतो आणि उन्हाने फीत विटते. पेटीत सिलिका जेल ठेवता येते, ती बंद कपाटातही राहते, म्हणून आपल्या हवेत पेटीच बरी. तळाशी लोकरीचे कापड नको, त्यातील गंधकाने चांदी काळवंडते. पीव्हीसीची पाकिटेही टाळावीत. पितांबरी किंवा कुठलीही पावडर लावून पदक घासू नये, कारण काळा रंग आणि जुनी झाक एकदा गेली की परत येत नाही. प्रमाणपत्राची रंगीत छायाप्रत पेटीत ठेवावी आणि मूळ कागद आम्लरहित पाकिटात, अंधारात, सपाट ठेवावा.