कानाचं मशीन बंद पडलं तर आधी वॅक्स गार्ड बघा (रिचार्जेबल आरआयसी, म्हणजे स्पीकर कानाच्या आत बसणारं मशीन, दिवाळीपासूनचा वापर)

अण्णांचं उजव्या कानाचं मशीन मागच्या महिन्यात बंद पडलं. जिथून घेतलं त्या दुकानात नेलं, तर दोन मिनिटांत निकाल: "रिसीव्हर गेलाय, नवीन टाकावा लागेल." रिसीव्हर म्हणजे कानात जाणारा छोटा स्पीकर. आकडा साडेसात हजारांचा. वॉरंटी आहे म्हटल्यावर, "मळ आणि ओल वॉरंटीत बसत नाही." शिवाय मशीन कंपनीकडे जाणार, दोन-तीन आठवडे लागणार, तोवर एका कानावर भागवा. जोडीला पाऊण लाखाच्या आसपास मोजलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल ते सांगायला नको.

मी मशीन तिथं सोडलं नाही. मिरजेत एका ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमना दाखवलं. त्यांनी मशीनला नळी लावून आधी स्वतः ऐकलं, मग ड्रॉवरमधून एक छोटी पांढरी काडी काढली. काडीचं एक टोक रिकामं, दुसऱ्यावर नवी जाळी. रिकामं टोक रिसीव्हरच्या तोंडात दाबून ओढलं, तशी मोहरीएवढी जुनी जाळी बाहेर आली, मळानं पूर्ण बुजलेली. काडी उलटी करून नवी बसवली. मशीन सुरू! मळ अडवणाऱ्या या जाळीला वॅक्स गार्ड म्हणतात. अशा आठ काड्यांचं पाकीट काही शे रुपयांना मिळतं. मशीन विकताना चॅनल (आवाजाच्या पट्ट्या) किती, ब्लूटूथ कसं, ॲप कसं हे तासभर सांगितलं होतं. या जाळीबद्दल एक शब्द नाही.

ही जाळी एका दिवसात बुजत नाही, हळूहळू बुजते. आवाज रोज थोडा कमी होतो आणि माणसाला वाटतं, आपलेच कान आणखी गेले. अण्णा महिनाभर हेच म्हणत होते, "आता मशीनचाही उपयोग नाही." आम्हीही ॲपमध्ये आवाज वाढवत वाढवत वरच्या टोकाला नेला होता. जाळी बदलल्यावर तो परत मधे आणावा लागला, नाहीतर शिट्टी वाजायची. कितीतरी घरांत कपाटात पडलेली मशीनं अशीच 'बिघडलेली' असतील, याची मला खात्री वाटते.

आता मशीनबद्दल. अण्णांची सगळी नोकरी इचलकरंजीत जॉबर (यंत्रमागांची देखभाल-दुरुस्ती बघणारा) म्हणून झाली. साध्या यंत्रमागांच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं, आणि त्या काळी कानात कापसाचा बोळाही कुणी घालत नव्हतं. अशा खडखडाटानं आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे उंच पट्टीतलं ऐकणं जातं, पुढं वयानं वरच्या सगळ्या पट्ट्या उतरतात. त्यामुळं स, त, ठ, फ ही व्यंजनं गळतात आणि स्वर तेवढे राहतात. सात, आठ, हात सगळं सारखंच. "ऐकू येतं, पण कळत नाही" ही त्यांची तक्रार अगदी खरी होती. आपण ओरडून बोललो की स्वरच मोठे होतात, व्यंजनं तिथंच. डिजिटल मशीन आवाजाच्या पट्ट्या वेगळ्या करून जिथं कमी आहे तिथंच वाढवतं. खिशातल्या जुन्या डबीवाल्या मशीननं हे व्हायचं नाही.

फरक पडला तो जेवणाच्या ताटावर. अण्णा पुन्हा मधे बोलायला लागले, विषय धरून. टीव्हीचा आवाज निम्म्यावर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या चारातल्या एकाहून अधिक माणसांना त्रासदायक बहिरेपण असतं, आणि लॅन्सेट आयोगानं 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्याजोग्या 14 गोष्टींत त्याला जागा दिली आहे. चष्म्याइतक्या सहज आपण मशीन घेत नाही, हे मला आता फार खटकतं.

रिचार्जेबलला माझा विरोध होता. 312 नंबरचा तपकिरी स्टिकरचा सेल स्वस्त, मेडिकलमध्येही मिळतो आणि आतली बॅटरी उतरली म्हणून मशीन अडकत नाही, असा हिशोब होता. मत बदललं. या वयात बोटांना तो बटणाएवढा सेल धरवत नाही, स्टिकर सुटत नाही, उलटा बसतो. चार्जिंगच्या डबीत ठेवलं की झालं, हे अण्णांना एकट्याला जमतं. डबी मात्र हरवू देऊ नका, सुटी फार महाग आहे.

ब्लूटूथनं फोन थेट दोन्ही कानांत येतो, नातीचं बोलणं स्पष्ट कळतं. पण अण्णांच्या जुन्या अँड्रॉइडवर ते चालेना, नवा फोन घ्यावा लागला. हा खर्च आधी कुणी सांगत नाही. ॲप सगळं इंग्रजीत, तेही अण्णांच्या कामाचं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये कुठलंही महागडं मशीन तोकडं पडतं, तिथं जास्त चॅनलच्या नावाखाली पैसे वाढवू नका. शेजाऱ्यांनी एअरपॉड्स प्रो सुचवले होते. त्यातली श्रवणयंत्राची सोय सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी आहे, अण्णांच्या कानाच्या तपासणीचा आलेख त्यापुढचा आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे 3000 रुपये 65 च्या पुढच्यांना मिळतात, उत्पन्नाची अट आहे. त्यात असं मशीन येत नाही, साधं येतं, पण अर्ज घेणं चालू असेल तर जरूर करा.

अण्णांनी आता जाळी बदलायचं काम स्वतःकडं घेतलंय. भिंग लावून, खिडकीपाशी बसून, मागाचा धोटा तपासावा तसं आधी तोंड बघतात, मगच काडी लावतात. मी जवळ गेलो की, "तू सरक, उजेड अडवतोस."

मशीनला पाचपैकी चार. दुकानाला एकही नाही. घेताना आपल्या मॉडेलच्या वॅक्स गार्डचा प्रकार बिलावर लिहून घ्या, दोन पाकिटं तिथंच मागा आणि एकदा समोर बदलून दाखवायला लावा. ज्याला ते दाखवता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.